उभ्या रेघांची फरशी

बा, तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्याहून म्हातारी आहे. म्हणून आज मी बोलणार आणि तू ऐकणार. तिसरीपर्यंत शिकलेली बाई वही-पेन घेऊन बसली म्हणून सून दोनदा डोकावून गेली. तिला वाटतंय मी मृत्युपत्र लिहितेय. वाटू दे, चार दिवस चहात साखर बरोबर पडेल. गोष्ट एका फरशीची आहे. मी राहते तिथं, नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, आमच्या बिल्डिंगीसमोर जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. आठ फूट खोल. तिचं लोखंडी झाकण गंजून गेलं, तेव्हा सोसायटीवाल्यांनी तिच्या तोंडावर एक चकचकीत ग्रॅनाइटची फरशी टाकली. दोन कडांवर टेकलेली, मधे पोकळ, खाली पाणी. त्या फरशीवर रोज संध्याकाळी पोरं उड्या मारायची आणि त्यात माझी नात असायची. त्या फरशीत काळा अभ्रक होता, आणि तो कसा बसलाय हे सगळ्या बिल्डिंगीत एकट्या मला कळत होतं. आता ती फरशी तिथं नाही. पण काय झालं ते सांगायला दगडातलं कळणारा माणूस लागतो, आणि तसा जिवंत माणूस माझ्या ओळखीत एकही उरलेला नाही.

सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातून झाली. नातीला शाळेत काम दिलं होतं, घराजवळचे दगड ओळखा आणि वहीत लिहा. दहा वर्षांची आहे, जीभ माझ्यावर गेली आहे. मोबाइलवर काहीतरी बघून तिनं लिहिलं की आमचा ओटा ग्रॅनाइटचा आहे आणि त्यातले काळे ठिपके म्हणजे अभ्रक. मी भाकरी थापत होते. म्हटलं, "सगळे काळे ठिपके अभ्रक? मग सगळे दाढीवाले साधू." ती म्हणाली, "आजी, तुला काय कळतं? तू तिसरी पास." "तिसरी नापास," मी म्हटलं, "पण दगडात मॅट्रिक." मग हात धुतला आणि गोधड्यांच्या पिशवीतून दाभण काढलं. तू लाकडी मूठ बसवून मला दिलेलं तेच. देव्हाऱ्यात ठेवलेलं नाही, गोधड्या शिवते त्यानं. ओट्याला जिथं सिंकसाठी कापलंय तिथं कडेला पॉलिश नाही. तिथला एक काळा दाणा दाभणानं उचकटला, त्याचा काळा चुरा झाला. दुसरा उचकटला, त्याचा पापुद्रा उठला. तो बोटावर घेऊन नखानं वाकवला, सोडला, परत सरळ झाला. खिडकीशी धरला तर चहाच्या पाण्याचा रंग. नात म्हणाली, "आजी, हा तर ब्राऊन आहे!" म्हटलं, "गठ्ठ्यानं बसला की काळा दिसतो. आता लिही. आधीचं खोड."

हे मला कुणी शिकवलं ते तुला सांगायला नको. मनमाडचा मालधक्का. मी अकरा वर्षांची आहे, परकर वर खोचलेला, आणि तू वॅगनमधून उतरलेल्या दगडांच्या रांगेत, खरा-खोटा दगड पारखत, उकिडवा बसला आहेस. तुझ्या डोळ्यांत सदा कच गेलेली, पापण्या लाल, म्हणून बारीक बघायचं काम माझं. तू म्हणतोस, "आपला काळा दगड आंधळा हाय पोरी. चमकला तर पांढरा चमकंल, गारगोटीनं. काळं चमकाय लागलं का समज, दगड आपल्या मुलखातला नाय." आणि मग त्या दक्षिणेकडून आलेल्या पांढऱ्या-गुलाबी दगडावर बोट ठेवून, "ह्याच्यात काळं दोन जातीचं. एक हट्टी, एक सोलणारं. हट्ट्याचा चुरा व्हतो, सोलणाऱ्याचा पापुद्रा उठतो. पापुद्रा वाकव, सोड, सरळ झाला पायजे. उजेडात धर, चहा दिसला पायजे. मग अभ्रक म्हण. नाव घ्यायच्या आधी तीन येळा बघ." बाकी बापांनी पोरींना पाढे शिकवले असतील. तू हे शिकवलंस, आणि मला पुढं आयुष्यभर त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. लग्न झालं, नाशिकला आले, चुलीपुढं बसले. दगड म्हणून हाताखाली आला तो पाटा, आणि तोही आंधळा.

त्या रविवारी नात मला घेऊन फिरली. म्हणजे मीच तिला घेऊन फिरले, पण वही तिच्या हातात होती म्हणून तोरा तिचा. कॉलेजजवळच्या बँकेच्या पायऱ्या गुलाबी, त्यात लांबट काळे दाणे, दाभणाखाली कुसळासारखे मोडले. हट्टी. मेडिकलवाल्याच्या उंबऱ्यात अभ्रक निघाला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांनी आणि पाण्यानं त्याचा काळा रंग जाऊन सोनेरी झालेला. नात ओरडली, "सोनं!" दुकानातून पोरगा बाहेर आला, "काय उकरताय आजी?" म्हटलं, "तुझ्या मालकाचा खजिना. तू गोळ्या मोज." पापुद्रे जुने झाले की त्यांची उसळी जाते, वाकवले तर वाकलेलेच राहतात, तेही तिला दाखवलं. मग रिक्षानं गोदावरीवर नेलं. घाटाच्या पायऱ्यांवर तासभर बसून शोध म्हटलं. शोध शोध शोधला, काही नाही. पांढरे गारेचे ठिपके तेवढे. तिनं वहीत लिहिलं, "आपला दगड. अभ्रक निरंक." निरंक हा शब्द तिनं बापाकडून उचलला, तो तहसिलीत आहे. मला वाटलं, झालं, संपलं काम. घरी आलो. गेटातून आत शिरताच ती पळत गेली, टाकीवरच्या फरशीवर दोन्ही पायांनी धप्पकन उडी मारली आणि म्हणाली, "आजी, ही राहिलीच की!"

मी खाली वाकले. फरशी वरून आरशासारखी, तिच्यात माझं तोंड दिसत होतं. पण कापलेल्या कडेला खरं दिसतं. अंगठ्याएवढ्या जाडीत काळ्या रेघा, आणि त्या वरून खाली उभ्या गेलेल्या. एक मधोमध, करंगळीएवढी रुंद. दाभण लावलं, नुसतं लावलं बा, जोर केला नाही, तर नामपूरच्या कांद्याची साल सुटावी तसे पापुद्रे सुटून आले. अभ्रक दगडात विखुरलेला असला तर काही बिघडत नाही. आमच्या ओट्यात आहे, सुखानं राहो. पण तो ओळीनं, थरानं बसला, आणि फरशी त्या थरांना आडवी कापली, तर तो दगड उरत नाही. तो कापून ठेवलेला पाव असतो, फक्त तुकडे अजून वेगळे केलेले नसतात. आणि ही मधली रेघ टाकीच्या पोकळीच्या बरोबर मधून गेलेली. नात अजून वरच उभी. म्हटलं, "खाली उतर." ती म्हणाली, "का?" म्हटलं, "उतर म्हणते ना, सटवे." माझा आवाज असा निघाला की ती मुकाट्यानं उतरली.

आता इथं तुझी एक शिकवण आडवी आली. आठवतं का तुला, नाल्यावर झाकायच्या दगडांत एका म्हाताऱ्या कारागिरानं, ज्याला तुम्ही सगळे वस्ताद म्हणायचात, एक लांब दगड पसंत केला होता, आणि मी मागून जाऊन दाभण घातलं आणि धक्काभर नाचत सुटले, "वस्तादांचा दगड खोटा! वस्तादांचा दगड खोटा!" हमाल हसले. वस्तादांनी हातोडा खाली ठेवला आणि बिडी पेटवायला लागले, आणि ती पेटेना. तू येऊन दगड बघितलास, बाजूला काढलास, आणि मग माझ्या अशी कानफटात मारलीस की कानात दिवसभर इंजिनची शिट्टी वाजत होती. मी रडत म्हणाले, "पण माझं बरोबर व्हतं." तू म्हणालास, "बरोबर व्हतं म्हणून तर मारलं. चुकली असतीस तर समजावलं असतं. म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत उघडं पाडतीस? हळूच येऊन माझ्या कानात सांगायचं." म्हणून ह्या वेळी मी आधी कानात सांगायला गेले. चेअरमनच्या घरी, दुपारी, पदर नीट घेऊन.

चेअरमन म्हणजे रिटायर झालेले इंजिनिअर, कुठल्याशा कारखान्यातले. बसा म्हणाले, पाणी दिलं. मी सांगितलं. ते हसले. "आजी, ग्रॅनाइट आहे ते. अहो, इतका टणक दगड दुसरा नाही." म्हटलं, "टणक आहे म्हणूनच तुटेल. मऊ असता तर वाकला असता." त्यांनी मोबाइलवर बोट फिरवलं. "हे बघा, ह्याला बायोटाइट म्हणतात. ब्लॅक मायका. सगळ्या ग्रॅनाइटमध्ये थोडंफार असतं. नॉर्मल आहे." म्हटलं, "नाव सापडलं, चांगलं झालं. आता तो बसलाय कुठं ते खाली येऊन बघा." ते म्हणाले, "आजी, मी इंजिनिअर आहे." "कशाचे?" "मेकॅनिकल." "मग ती फरशी चालू करून बघा," मी म्हटलं आणि उठले. माझंही चुकलंच. पण मी काही लग्न जमवायला गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, ग्रुपवर तुमच्यावर जोक आलाय." मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या मीटिंगला लोखंडी झाकणाचा विषय घेणार आहेत, तोवर जरा दम धर." म्हटलं, "मी दम धरेन. फरशी धरेल का विचार तिला." मग मी दुपारी चारला खुर्ची घेऊन खाली जायला लागले. फरशीच्या बाजूला खुर्ची, हातात काठी, दिवेलागणीपर्यंत. पोरं लांबून नाचायची, "हिटलर आजी, हिटलर आजी." एकीची आई येऊन म्हणाली, "आमच्या मुलांनी खेळायचं कुठं?" म्हटलं, "माझ्या मांडीवर बसवा, पण इथं नाही." नातीनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिच्या मैत्रिणी तिला दगडवालीची नात म्हणायला लागल्या. कानात सांगून भागलं नाही बा. तुझ्या वस्तादांना निदान दगड कळत होता, त्यांना लाज तरी वाटली.

एकट्या वॉचमनला पटलं. पेठ तालुक्याच्या डोंगरातला माणूस, चाळिशीचा, बायको-पोरं गावाला, पाऊस लागला की भाताच्या आवणीला, रोपं लावायला, घरी जातो आणि ती उरकली की परत येतो. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला, कडेच्या रेघा बघितल्या, पापुद्रा बोटावर घेऊन फुंकर मारली. म्हणाला, "आजी, आमच्याकडं खडक असाच सुटं. पायाखाली येतं तवा कळं." दुसऱ्या दिवशी त्यानं तुळशीच्या आणि शेवंतीच्या चार कुंड्या आणून फरशीच्या भोवतीनं लावल्या. चेअरमननी त्या काढायला लावल्या, टँकरचा पाइप टाकायला अडचण होते म्हणून. त्यानं काढल्या. मी त्याला म्हटलं, "तू कशाला हो हो करतोस?" तो म्हणाला, "आजी, तुमी बोलून वर घरी जाता. मला हितंच राहाचंय." 

एके दिवशी बीपी तपासायला जावं लागलं. डॉक्टरकडे गर्दी, उशीर झाला. रिक्षातून उतरते तर गेटातून दिसतंय, तिघी पोरी फरशीवर उभ्या, माझी मधे, हातात हात, आणि तोंडानं मोजतायत, एक, दोन, तीन. तिघींनी एकदम उडी मारली. आणि तो आवाज. चांगल्या दगडाचा आवाज ठण्ण येतो, तू हातोडीच्या मागच्या टोकानं वाजवून दाखवायचास. हा आवाज बद्द आला, ओल्या मडक्यासारखा. पोरींना हसू येत होतं. त्या परत मोजायला लागल्या. माझे गुडघे पळण्याचे राहिलेले नाहीत, तरी मी पळाले. दोनच्या पुढं गेल्या नाहीत. नातीची वेणी हातात आली, ती धरून ओढली आणि एक ठेवून दिली. ती रडली नाही. माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी रस्त्यावरची कुणी. सून धावत आली, "आई, माझ्या मुलीवर हात उगारायचा नाही. हे शेवटचं सांगते." मुलगा वर उभा राहून बघत होता, तो आतच गेला. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. 

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊला टँकर आला, आणि टँकर आला की चेअरमन, सेक्रेटरी, प्लंबर सगळे खाली येतात, म्हणून मी तीच वेळ धरली. फरशीवर स्वतः जाऊन उभी राहिले, अगदी कडेला, खाली भिंतीचा आधार आहे तिथं. मूर्ख नाही मी. म्हटलं, "दोन बादल्या पाणी ह्या फरशीवर ओता आणि पाऊण तास थांबा. सगळी सारखी सुकली तर मी ह्या बिल्डिंगीत परत तोंड उघडणार नाही." सेक्रेटरी म्हणाला, "आजी, पाण्याची एवढी टंचाई—" कुणीतरी मागून ओरडलं, "ओता हो साहेब, आयुष्यभराची शांतता मिळतेय दोन बादल्यांत!" सगळे हसले. वॉचमननं पाणी ओतलं. मी बाजूला झाले.

दगड पाणी पितो ते चिरेतून, आणि चीर सगळ्यात शेवटी सुकते, हे तुझंच. पण बा, पॉलिशच्या फरशीवर मी हे कधी केलं नव्हतं. पॉलिश पाणी आत जाऊच देत नाही, हेही मला माहीत होतं. आदल्या दिवशीच्या त्या बद्द आवाजावर मी पैज लावून बसले होते. ऊन चांगलं होतं. आधी थेंबांची गोल तळी झाली, मग तळी आकसली. पाचव्या मिनिटाला अर्धी फरशी कोरडी. लोक घड्याळं बघायला लागले. टँकरवाला हॉर्न वाजवत होता. पंधरा मिनिटं, वीस. सगळी फरशी सुकली, लखलखीत, आणि तिच्यावर काहीही नाही. चेअरमननी घसा खाकरला.  नात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघत होती. आणि मग वॉचमन खाली बसून म्हणाला, "साहेब, हितं या. तिरपं बघा." ते गेले. मीही गेले. मधोमध, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, केसाएवढी ओली रेघ. बोटानं पुसली तर परत आली.

कुणी हसलं नाही. प्लंबरनं आपला पाय मागं घेतला. चेअरमन उकिडवे बसले होते ते उठले, गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठीक आहे. काढून टाकू. झालं आजी समाधान? आता कृपा करून लांब व्हा, कामाच्या वेळी मधे बोलायचं नाही." आणि प्लंबरला म्हणाले, "उचला रे, पटकन, टँकर खोळंबलाय." मी लांब झाले. गुलमोहराच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिले. वॉचमन, प्लंबर आणि टँकरचा क्लीनर, तिघांनी पहार घालून एक कड उचलली, खाली हात घातले आणि फरशी वर घेतली. आडवी. जेवायचं ताट न्यावं तशी आडवी.

तुला इथं वाचताना ओरडावंसं वाटेल, मला माहीत आहे. उभ्या रेघांचा दगड आडवा उचलायचा नसतो. आधी एका कडेवर उभा करायचा, रेघा आडव्या होतील असा, मग दोघांनी दोन बाजूंनी धरून चालायचं. आडवा उचलला तर हात वरखाली होतात, त्याचं सगळं ओझं त्याच्याच मधल्या रेघेवर येतं, आणि ज्या वजनानं तो पोरींच्या खाली टिकला त्याहून कमी वजनानं हातात तुटतो. तू मला हे सांगितलंस तेव्हा धक्क्यावर चार माणसं दगड पाठीला लावून उभाच नेत होती, खेकड्यासारखी चालत. इथं मला ते एक वाक्य बोलायचं होतं. "उभी करून न्या." एवढंच. तोंड उघडलं नाही.

दोन पावलं चालले असतील. सुकी भाकरी मोडल्यासारखा आवाज झाला, मोठाही नाही. एक तुकडा टाकीत गेला, पाणी वर उडालं. दुसरा वॉचमनच्या उजव्या पायावर पडला. त्याच्या पायात स्लीपर होत्या. तो ओरडला नाही. "आई गं," म्हणाला, हळू, कुणाला उठवायचं नसावं तसं, आणि खाली बसला.

नंतरचं तुला थोडक्यात सांगते, कारण ते सगळं माझ्या कौतुकाचं आहे. चेअरमननी सगळ्यांसमोर माझ्या पायांना हात लावला. म्हणाले, "आजी, तुम्ही मुलांचे प्राण वाचवलेत. मी चुकलो." मला वाटलं होतं त्या क्षणी फार बरं वाटेल. ग्रुपवर माझा फोटो आला, खाली हात जोडलेली चित्रं. हिटलर म्हणणारी पोरं आता खिशातून खडे काढून आणतात, "आजी, ह्यात अभ्रक आहे का?" नात परत बोलायला लागली. तिच्या वहीत शेवटच्या पानावर त्या फरशीचा तुकडा चिकटवलाय, बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं. सून म्हणाली, "आई, मी बोलले ते मनात ठेवू नका." मनात ठेवलंय, पण तो वेगळा विषय. टाकीवर लोखंडी झाकण बसलं, कुलूप लावून.

वॉचमनची दोन बोटं मोडली. सहा आठवडे प्लास्टर. सोसायटीनं दवाखाना केला. पण आवणी गेली त्याची. चिखलात उभं राहायचं काम ते, प्लास्टर घालून होतं का? गावाला बायको एकटी, भावाच्या पाया पडून त्याची माणसं लावून घेतली म्हणे, आणि भाऊ असा आहे की वर्षभर ऐकवणार. तो गेटाच्या केबिनमध्ये पाय स्टुलावर ठेवून बसतो. मी भाकरी आणि ठेचा घेऊन जाते. पहिल्या दिवशी मी सांगायलाच गेले होते. म्हटलं, "दुखतं का रे?" म्हणाला, "उभा राहिलो का दुखं. बसलो का नाय." मग माझंच तोंड बघून हसला, "आजी, तुमी कशाला वाईट वाटून घेता? तुमच्यामुळं पोरां वाचली. माझी दोनच गेली, आठ हायेत अजून." मी म्हटलं, "ठेचा तिखट झालाय, पाणी जवळ ठेव," आणि वर आले. दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशी परत. डबा रिकामा घेऊन येते, बोलायचं ते तसंच घेऊन येते.

इथल्या कुणाला शंका नाही. दगड वाईट होता, तुटला, नशीब म्हणून पोरं वर नव्हती. फरशी उभी का नाही नेली, हे कुणी विचारलं नाही, कारण ते विचारायला आधी माहीत असावं लागतं, आणि ते माहीत असलेली ह्या आवारात मी एकटी. तू असतास तर पहिलं तेच विचारलं असतंस. म्हणून हे तुला लिहिलं, आणि कुठं पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता आलं. वही गोधड्यांच्या पिशवीत तळाला ठेवणार आहे, तिकडं कुणी हात घालत नाही.

वर जिथं तोंड उघडलं नाही असं लिहिलंय, तिथं आधी मी लिहिलं होतं की घाईत विसरले, वय झालं, इतक्या वर्षांपूर्वीचं ऐकलेलं. तीन ओळी होत्या. खोडल्या. विसरले नव्हते बा. ती आडवी उचलली गेली तेव्हा वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्या चेअरमनसमोर ती तुटायला हवी होती मला.